माडीवरचा सर्व्हर

[कौलारू घर. राजांगणात चारी बाजूंनी पावळ्या. पावसाचा आवाज तसाच राहू द्यावा.]

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं हे घर. चिऱ्यांच्या भिंती, मधे राजांगण, वर माडी. जुलै चालू आहे. खालच्या खोल्यांत कपाटातली पातळंसुद्धा दमट लागतात. म्हणून यंत्र माडीवर ठेवलंय, लाकडी फळीवर, भिंतीपासून थोडं सोडून.

[फळीवरची छोटी काळी पेटी. हिरवा दिवा.]

हा या घरचा सर्व्हर, म्हणजे फाईली साठवून मागेल त्याला पुरवणारं यंत्र. कुठल्यातरी कचेरीतून निघालेला, जुना म्हणून विकत घेतलेला छोटा संगणक. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आत डेबियन लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली आणि दोन डिस्क. त्या डिस्कवर घरातले फोटो आहेत, कागदपत्रं आहेत, आणि ज्यासाठी आम्ही इथवर आलो ती या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या या वस्तीतल्या, घुमट आरत्यांची (घुमट हे मातीचं वाद्य) ध्वनिमुद्रणं आहेत, १९८० च्या दशकापासूनची.

[गणेशचतुर्थीची, म्हणजे चवथीची माटोळी: गणपतीवर टांगलेली फळं-पानं. घुमट, शामेळ हे तालवाद्य, कासाळें म्हणजे झांजा. वाजवणाऱ्यांचे हात जवळून.]

गोव्यात चवथीला आरती म्हणजे घुमट आरती. शब्द मराठी, ठेका इथला. घुमटाला २०१९ मध्ये राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. पूर्वी या मातीच्या भांड्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, आणि बंद झालं हे योग्यच झालं. आता बकरीचं कातडं असतं. जुने वाजवणारे सांगतात, नाद बदलला. तो आधीचा नाद आज ऐकायचा तर कॅसेट हाच एक मार्ग उरलाय.

याच तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांचा आवाज आहे. वाड्यावरच्या आरतीवाल्यांना मात्र कुणी ध्वनिमुद्रणाला बोलावलं नाही. त्यांनी स्वतःच टेपरेकॉर्डर मधे ठेवला आणि बटण दाबलं.

[पत्र्याचा डबा उघडतो. कॅसेटी. एकीच्या फितीवर पांढरी बुरशी.]

गोव्याच्या हवेत फितीवर बुरशी धरतेच. अशी कॅसेट तशीच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घातली तर फीत तुटू शकते, आणि बुरशी डेकलाही लागते. घरचे यजमान रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करत आलेत. ते आधी स्क्रू काढतात, फीत मऊ कापडाने हलक्या हाताने पुसतात, मग नव्या कवचात बसवतात. डेकचं हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, स्पिरिटने साफ करतात.

[पेचकस. हेडशेजारचा बारीक स्क्रू.]

इथे नीट बघा. हा स्क्रू हेडचा कोन बदलतो. प्रत्येक टेपरेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर भरलेली कॅसेट बोदी वाजते. ते कासाळ्यांकडे कान ठेवून स्क्रू केसभर फिरवतात. झणत्कार मोकळा झाला की हात थांबतो. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर नंतर तितक्या चांगल्या प्रकारे करू शकत नाही.

पुढचं काम मुलीचं. ती फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते. डेकची वायर संगणकात, आणि आवाज भरून घेणारं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर चालू. सीडीच्या दर्जाने भरलं की एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. ९० मिनिटांची कॅसेट ९०० एमबीच्या पुढे जाते. ती एमपीथ्री करून जागा वाचवत नाही, कारण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गाळला जातो. ती फ्लॅक या प्रकारची फाईल करते. आकार साधारण निम्म्यावर येतो आणि मूळ आवाज जसाच्या तसा राहतो.

[सोपा. वाड्यावरची वडीलधारी मंडळी. लॅपटॉपवर आरती चालू.]

नावं मात्र माणसांनाच लावावी लागतात. आरती कुठली, म्हणणारा कोण, घुमट कुणाच्या हातात.

“बाय, जरा मागे घे गो. हां, हा आमचा काका. श्वास कुठे घेतो बघ!”

ती ते तिथल्या तिथे टिपून ठेवते. ही माहिती फाईलच्या आतच बसते. फाईल कुठेही गेली तरी नाव सोबत जातं.

[फोनवर आरत्यांची यादी. मागे माडीवरची पेटी.]

ऐकवण्याचं काम नॅव्हिड्रोम करतं, घरच्या फोटोंचं इमिच. दोन्ही मोफत, दोन्हींची रचना सगळ्यांसाठी खुली. १ जून २०२१ ला गुगल फोटोजने अमर्याद मोफत जागा बंद केली, तेव्हा कितीतरी घरांना पहिल्यांदा कळलं की आपले फोटो दुसऱ्याच्या कपाटात आहेत आणि कपाटाचे नियम तोच ठरवतो. इथे नियम घरचे.

आता प्रश्न असा, की माडीवरच्या पेटीपर्यंत दुबईतला पुतण्या पोचतो कसा? इंटरनेट कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे आहेत, म्हणून एकच पत्ता अनेक घरांना वाटून देतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यानचा दिसला तर समजावं, आपलं घर वाटणीत आहे. बाहेरून कुणी थेट येऊ शकत नाही. पण घरातून बाहेर जाता येतं. म्हणून घरचा सर्व्हरच बाहेर भाड्याने घेतलेल्या एका छोट्या यंत्राशी वायरगार्ड या सॉफ्टवेअरने कूटबद्ध बोगदा, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता न येणारी जोडणी, बांधतो आणि तो उघडा राहावा म्हणून दर २५ सेकंदांनी एक छोटा संदेश पाठवतो. पुतण्याचा फोन त्या यंत्राकडे येतो, तिथून बोगद्यातून माडीवर. आरत्या तिथे साठत नाहीत, फक्त तिथून जातात. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच आलं, त्यामुळे हे सगळं थोड्या ओळींत मांडता येतं. ती फाईल तुम्ही पडद्यावर बघताय. त्यातले गुप्त संकेत, म्हणजे किल्ल्या, झाकल्या आहेत.

[विजा. घरातले दिवे जातात. पेटीचा हिरवा दिवा चालूच.]

पावसात वीज जाते. खालच्या यूपीएसवर पेटी आणि राउटर तग धरतात. बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःच शिस्तीत बंद होतो, म्हणजे लिहिणं अर्धवट राहून फाईल बिघडत नाही. खर्चाचं म्हणाल तर पेटी सरासरी १० वॅट घेते. वर्षभर अखंड चालून ८८ युनिट.

गेल्या पावसाळ्यात एक डिस्क गेली. दुसरीवर प्रत होती, पण त्या आठवड्यात भरलेली एक कॅसेट गेली ती गेलीच. मुलगी नोकरीला बाहेर गेली तर हे कोण सांभाळणार, ते अजून ठरायचं आहे.

[आजी. फोन कानाशी. इथे निवेदन नाही.]

[पेडण्याचं घर. टेबलाखाली दुसरी छोटी पेटी.]

एकाच घरातल्या दोन डिस्क म्हणजे पुरती सोय नव्हे. वीज पडली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जातील. म्हणून आणखी एक प्रत पेडण्याला, मामांच्या घरी. रोज पहाटे दोनला दिवसभरात बदललेलं तेवढंच कुलूपबंद होऊन तिकडे जातं. मामांना ते उघडता येत नाही, त्यांनी फक्त प्लग काढायचा नाही. महिन्यातून एकदा मुलगी तिथून एखादी आरती परत मागवते आणि पूर्ण वाजवून बघते. परत आणून तपासली नाही तर ती प्रत आहे असं ती धरतच नाही.

डब्यात अजून कॅसेटी आहेत. शेजारच्या वाड्यानेही आपला डबा आणून दिलाय. ज्यांचे आवाज आहेत त्यांना, किंवा त्यांच्या घरच्यांना विचारूनच त्या चढवायच्या, असं सोप्यावर बसून ठरलं. चवथीपर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या.