ऊस, गूळ आणि दिल्लीचा कर

[दृश्य : कोल्हापूरचं शाहू मार्केट यार्ड, गुळाचे सौदे]

निवेदन :
गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या लागल्यात. सौदा एका थप्पीवरून दुसरीवर सरकतोय. या उघड्या गुळावर जीएसटी नाही. हाच गूळ किलोभराच्या, लेबल लावलेल्या पाकिटात गेला, की 5 टक्के. 18 जुलै 2022 पासूनचा हा नियम. पण दिल्लीतल्या सरकारला असा कर लावण्याचा हक्क मुळात दिला कुणी?

उत्तर संविधानाच्या कलम 265 मध्ये आहे. कलम एका वाक्याचं : कायद्याचा आधार नसेल, तर कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. नुसतं परिपत्रक किंवा मंत्र्याची घोषणा इथं पुरत नाही. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि वर्षभराच्या आत, 26 जानेवारी 1950 पासून, हे कलम इथंही लागू झालं.

[दृश्य : पंचगंगाकाठचा ऊस]

कायदा हवा, हे ठरलं. तो करायचा कुणी? त्यासाठी कलम 246 आणि सातवी अनुसूची. संसदेनं कशावर कर लावायचा आणि विधानसभेनं कशावर, याची वाटणी तिथं आहे. केंद्राच्या सूचीतली 82 वी नोंद प्राप्तिकराची. पण ती म्हणते, शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर. शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्याच्या सूचीत, 46 व्या नोंदीत.

पारावर हमखास ऐकू येतं, "केंद्रानं शेतकऱ्याला सूट दिलीय." प्राप्तिकर कायद्यात तशी तरतूद आहे, खरी. पण ती काढून टाकली तरी उसाच्या पैशावर केंद्राला कर लावता यायचा नाही. जे आपल्या हातात नाही, त्याची सूट कसली द्यायची? अर्थात दिल्लीही काही कमी नाही. शेतकऱ्याला नोकरीचा किंवा दुकानाचा करपात्र पैसा असेल, तर त्या पैशावरचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशोबात धरता येतं. 1973 पासून ही युक्ती चालू आहे.

घरफाळ्याचंही, म्हणजे घरपट्टीचंही, तसंच. तो अधिकार राज्याचा, आणि महापालिकेला तो मिळतो राज्याच्या कायद्यातून.

[दृश्य : पेट्रोल पंप, मीटरचे फिरते आकडे]

जीएसटीनं मात्र ही वाटणी मोडली. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीनं कलम 246अ आलं, आणि एकाच विक्रीवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कर लावता येऊ लागला. पाकिटातल्या गुळाचे ते 5 टक्के असे निम्मे-निम्मे वाटले जातात. दरांची शिफारस जीएसटी परिषद करते. तिथं केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र अडून बसलं तर काही हलत नाही, आणि एकट्या केंद्रालाही काही करता येत नाही.

पेट्रोल अजून या चौकटीबाहेर. लिटरमागे केंद्राचं उत्पादन शुल्क वेगळं, राज्याचा व्हॅट वेगळा. दर वाढला की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात, आणि गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

[दृश्य : कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी न्यायालय इमारत]

प्राप्तिकराचे दर संसदेला दरवर्षी वित्त विधेयकातून मंजूर करावे लागतात. हे धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी पैशाचं विधेयक, म्हणून ते लोकसभेतच मांडलं जातं. राज्यसभेला 14 दिवस मिळतात. ती बदल सुचवू शकते, अडवू शकत नाही.

आणि कायद्याचा आधार नसताना कर मागितला तर? उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतं, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठीही.