रिफ्लेक्स म्हणजे नक्की काय काय?

पुण्यातल्या बीजे मेडिकल कॉलेजच्या पोरांच्या ॲप्रनच्या खिशात बघा, स्टेथोच्या शेजारी एक रबरी डोक्याची छोटी हातोडी असते. पेशंटला पाय लोंबकळत ठेवून पलंगाच्या कडेला बसवायचं, गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली जो घट्ट पट्टा हाताला लागतो तो चाचपायचा, आणि त्यावर हातोडी मारायची नाही बरं का, मनगट सैल ठेवून नुसती पडू द्यायची. पाय पुढे उडतो. पेशंटनं काहीच केलेलं नसतं, डॉक्टर याला रिफ्लेक्स म्हणतात.

आणि कधीकधी उडतच नाही. पेशंट टेन्शनमध्ये असतो, पाय आखडून बसलेला असतो. मग डॉक्टर म्हणतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा. माणूस त्या ओढण्यात गुंतला की खाली हातोडी पडते आणि पाय मस्त उडतो. ही युक्ती येंद्रासिक नावाच्या हंगेरीच्या डॉक्टरची, 1880च्या दशकातली, आणि आजही ओपीडीत जशीच्या तशी चालते.

आत काय होतं? हातोडीनं तो पट्टा म्हणजे टेंडन किंचित ताणला जातो, त्याच्याबरोबर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, त्या ताणाची खबर नसेतून कमरेच्या भागात मज्जारज्जूत पोचते आणि तिथे फक्त एक जोड ओलांडून लगेच दुसऱ्या नसेतून त्याच स्नायूकडे परत येते, आवळ म्हणून. त्याच वेळी मांडीच्या मागच्या स्नायूला सैल हो असाही निरोप जातो, नाहीतर दोघे एकमेकांनाच ओढत बसतील. मेंदूला हे सगळं नंतर कळतं. 1875 साली जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोघांनी वेगवेगळं काम करून ही गुडघ्याची गोष्ट एकाच वर्षी मांडली. पुढे असे दोन उलटे निरोप एकत्र कसे जातात यावर इंग्लंडच्या शेरिंग्टननं आयुष्य घातलं आणि 1932 साली त्याला नोबेल मिळालं, एड्रियनबरोबर विभागून.

लॅटिनमध्ये रिफ्लेक्स या शब्दाच्या मुळाशी मागे वळणं आहे, मागे वाकणं. खबर गेली आणि वळून परत आली, एवढंच. पण डॉक्टर हे गंमत म्हणून करत नाहीत. पाय उडालाच नाही तर त्या वाटेवर कुठेतरी नस दुखावली असेल, आणि फारच जोरात उडाला तर वरून मेंदूचा जो लगाम असतो तो सुटला असेल, लकव्यात असं होतं. मज्जारज्जू डोळ्यांनी दिसत नाही, पण गुडघा दिसतो. पायाच्या तळव्यावरून टाचेकडून वर टोकदार काहीतरी ओढलं तर मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो, आणि तो वर उठला तर ते वाईट लक्षण, हे 1896 साली पॅरिसमध्ये बाबिन्स्कीनं दाखवलं. तान्ह्या बाळाचा मात्र अंगठा वरच उठतो आणि ते अगदी नॉर्मल असतं, कारण त्याच्या नसांची वाढ अजून चालू असते.

बाळाचा विषय निघालाच आहे तर, बाळ झोपेत एकदम दचकतं, दोन्ही हात फाकवतं आणि मग मिठी मारल्यासारखे जवळ घेतं, ते पाहिलंय ना? तोही रिफ्लेक्सच, मोरो रिफ्लेक्स. साधारण चार ते सहा महिन्यांत तो जातो. आज्या बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवतात त्यामागे हेही आहे, हात बांधलेले असले की दचकून जाग येत नाही.

आता बोलीतला रिफ्लेक्स. स्लिपमध्ये कॅच घेतला की आपण म्हणतो, काय रिफ्लेक्सेस आहेत याचे! पण तो खरा रिफ्लेक्स नाही. डोळ्यांनी बघून, मेंदूनं ठरवून हात हलवायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, गुडघ्याचा स्नायू त्याच्या कितीतरी आधी हललेला असतो. बालेवाडीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या पोरांना हा हिशोब पक्का माहीत असतो, कारण स्पर्धेच्या नियमात बंदुकीच्या आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत कुणी निघालं तर फॉल्स स्टार्ट धरतात, एवढ्या लवकर ऐकून कुणी निघूच शकत नाही असं मानलंय. खेळाडूचं ते कसब असतं, हजारो कॅच घेऊन मिळवलेलं. त्याला रिफ्लेक्स म्हटलं की त्या मेहनतीवर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं.

कॅमेऱ्यात गोष्ट आरशाची आहे. सारसबागेत नाहीतर सिंहगडावर प्रीवेडिंग शूट करणारे सगळे डीएसएलआर डीएसएलआर म्हणत असतात, त्यातला आर म्हणजे रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला उजेड 45 अंशात बसवलेल्या आरशावर आपटून वर वळतो आणि डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, म्हणजे फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी फोटोग्राफरला काही दिसत नसतं. जुन्या स्टुडिओंमध्ये दोन लेन्सचा कॅमेरा असायचा, वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्यातून फोटो, आणि वरून काचेत बघताना डावं उजवीकडे दिसायचं, तरी लग्नाच्या गर्दीत ती माणसं फ्रेम कशी लावायची याचं कौतुक वाटतं.

लॉ कॉलेज रोडला एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी संस्था आहे, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर, 1960 पासूनची. सिनेमाच्या कॅमेऱ्यातला मोठा टप्पा म्हणजे 1937 साली जर्मनीत आलेला ॲरीफ्लेक्स, नावातच रिफ्लेक्स. त्यात आरसा शटरवरच बसवलेला आणि तो गरगर फिरत राहतो, फिल्म पुढे सरकत असते तेवढ्या वेळात उजेड कॅमेरामनच्या डोळ्याकडे, फिल्म थांबली की उजेड फिल्मवर. त्यामुळे बघताना चित्र लुकलुकतं. आणि डोळा काढायचा नाही, काढला तर मागच्या बाजूनं उजेड आत शिरून फिल्म खराब होऊ शकते, म्हणून शॉट चालू असताना डोळा आयपीसला चिकटलेला.

तापकीर गल्लीत स्पीकर घ्यायला गेलात तर दुकानदार बास रिफ्लेक्स म्हणतो, खोक्याला पुढे एक भोक असतं तो. स्पीकरचा पडदा पुढे येताना जसा आवाज टाकतो तसाच मागेही टाकतो, आणि मागचा आवाज बरोबर उलटा असतो, तो तसाच बाहेर आला तर पुढच्याला मारतो. मग खोकं आणि भोक अशा मापाचं करायचं की आतली हवा विशिष्ट खालच्या सुरावर डोलते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमतं ना तसं, आणि तो मागचा आवाज वळून पुढच्याच्या साथीला बाहेर येतो. अमेरिकेतल्या बेल लॅब या प्रयोगशाळेतल्या थुरासचं याचं पेटंट 1932चं. भोकासमोर हात धरा, बासच्या ठोक्याला हवेचा झोत लागतो.

भूमितीतला रिफ्लेक्स अँगल बालभारतीच्या पुस्तकात प्रविशाल कोन म्हणून येतो, 180 पेक्षा मोठा आणि 360 पेक्षा लहान. कंपासपेटीतल्या अर्ध्या कोनमापकात तो मावत नाही, म्हणून अलीकडचा छोटा कोन मोजायचा आणि 360 मधून वजा करायचा. तळपाय दाबणारे रिफ्लेक्सॉलॉजीवाले पण आहेत, पाय दाबून घेतल्यावर बरं वाटतं हे खरं, पण तळव्यावरचा ठरावीक बिंदू दाबून किडनी किंवा लिव्हरचा आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आजारावर औषधच घ्या.

आणि आता ज्यासाठी हा व्हिडिओ करावासा वाटला ते. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्रवाले रिफ्लेक्स म्हणतात तेव्हा त्यांना जुन्या भाषेतल्या शब्दाचं आजच्या भाषेत उरलेलं रूप म्हणायचं असतं. संस्कृतात हस्त, प्राकृतात म्हणजे मधल्या काळातल्या लोकांच्या बोलीत हत्थ, मराठीत हात. हात हा हस्तचा रिफ्लेक्स. सप्त, सत्त, सात. कर्ण, कण्ण, कान. दुग्ध, दुद्ध, दूध. बघा, दरवेळी तेच घडतं, आधी जोडाक्षर दुप्पट होतं, मग एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. आपल्याकडे पुण्यात अजूनही लोक सांगतात की मूळ शब्द शुद्ध आणि आपला त्याचा बिघडलेला अवतार. बिघडताना एवढी शिस्त असते का? ज्या भाषेत कुठे काही लिहून ठेवलेलं नाही तिचा अंदाजसुद्धा अशाच रूपांवरून बांधतात, सप्त आणि लॅटिनचा सेप्टेम शेजारी ठेवून दोघांच्या मागचा जुना शब्द काढतात. डॉक्टर गुडघा बघून मज्जारज्जूचं सांगतात तेच हे.

त्याच आवारात 1948 पासून संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम चालू आहे, सु. मं. कत्र्यांनी सुरू केलेलं, सुमारे पंधराशे ग्रंथांतून काढलेल्या जवळपास एक कोटी शब्दचिठ्ठ्या लोखंडी कपाटांत लावलेल्या आहेत. शब्द कुठल्या काळात कुठल्या अर्थानं आला ते चिठ्ठीवरून कळतं.

मराठीची स्वतःची खूण बघायची तर क्ष घ्या. क्षेत्र हिंदीत खेत, आपल्याकडे शेत. मक्षिका हिंदीत मक्खी, आपल्याकडे माशी. कुक्षी हिंदीत कोख, आपल्याकडे कूस. हिंदीत ख, मराठीत श नाहीतर स, कारण आपल्या बाजूच्या प्राकृतात क्षचा आधी छ झाला होता. कागदोपत्री कार्यक्षेत्र म्हणतो तेव्हा तो संस्कृतातून थेट उचललेला शब्द, तो रिफ्लेक्स नाही, शेत हा रिफ्लेक्स. आणि दोन्ही एकाच घरात नांदतात, हस्ताक्षर आणि हात, अग्नी आणि आग, कर्म आणि काम. खीर आणि लाख मात्र क्षीर आणि लक्षपासून येऊनही मराठीत ख घेऊन बसलेत, कारण प्राकृतातच क्षचे छ आणि ख असे दोन्ही वळसे होते आणि मराठीनं दोन्हीकडचं घेतलंय.