पे स्टबवरची ती एक ओळ

(दृश्य: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं एक स्वयंपाकघर, सकाळ. कढईत तूप तापतंय.)

तुपात डिंक टाकला की पहिल्यांदा काहीच होत नाही. मग एक खडा फुटतो, मग दुसरा, आणि बघता बघता कढईभर पांढऱ्या लाह्या फुलून येतात. आजी पुण्याहून निघाल्या तेव्हा एका बॅगेत त्यांचे कपडे होते आणि दुसरीत डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा.

बाळ आज अकरा दिवसांचं झालं. उद्या बारसं.

(दृश्य: जेवणाचं टेबल. एका टोकाला खारकेची पूड वाळत घातलेली, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. बाळ आईच्या खांद्यावर.)

टेबलाच्या या टोकाला लाडवांची तयारी चालली आहे. त्या टोकाला बाळाची आई एका हातानं टाइप करतेय. फॉर्मचं नाव डीई २५०१, म्हणजे कॅलिफोर्निया राज्याच्या डिसेबिलिटी इन्शुरन्सचा अर्ज. आजींनी चष्मा लावून वरची ओळ वाचली.

"अगं, डिसेबिलिटी म्हणजे अपंगत्व ना? बाळंतीण काय अपंग असते का?"

"आई, तसं नाही गं. काम करता येण्यासारखी तब्येत नाही, एवढंच म्हणायचंय त्यांना."

"मग तसं लिहावं की."

(दृश्य: पे स्टब, अगदी जवळून. बोट एका ओळीवर थांबतं.)

हा कागद अर्जाच्या शेजारीच पडला आहे. मागच्या महिन्याचा पे स्टब, म्हणजे पगाराची पावती. महिन्यातून दोनदा पगार, एका पगाराचे ४,००० डॉलर. फेडरल टॅक्स, स्टेट टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, आणि या सगळ्यांच्या खाली एक बारीक ओळ: सीए एसडीआय, म्हणजे कॅलिफोर्नियाचा स्टेट डिसेबिलिटी इन्शुरन्स, ४८ डॉलर.

२०२५ साली या विम्यासाठी पगारातून १.२ टक्के कापले जात होते. मालक यात एक पैसाही घालत नाही. सगळा पैसा काम करणाऱ्याचा. अर्ज भरणाऱ्या बाईनं सरकारपुढे हात पसरलेला नाही. सहा वर्षं तिच्या पगारातून हप्ता गेला, आणि तो विमा आज ती मागतेय. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुली हा अर्ज भरायला संकोचतात. "व्हिसावर आहोत, कशाला सरकारी पैसा?" म्हणतात. या विम्याची पात्रता नागरिकत्वावर किंवा व्हिसावर ठरत नाही. ठरते ती या ओळीवर. म्हणून कॅमेरा या ओळीवर जरा जास्त वेळ ठेवला आहे.

(दृश्य: सॅक्रामेंटो. कॅपिटॉलचा पांढरा घुमट, समोरची झाडं, कॅपिटॉल मॉलचा रस्ता.)

आजींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही सॅक्रामेंटोला, राज्याच्या राजधानीत गेलो. हा विमा इथं १९४६ साली सुरू झाला. त्याआधी फक्त ऱ्होड आयलंड राज्यानं १९४२ मध्ये तसं केलं होतं. कल्पना साधी होती. कामावर अपघात झाला तर त्याची भरपाई वेगळी मिळते. पण माणूस घरी आजारी पडला, पाय मोडला, ऑपरेशन झालं, तर पगार बुडतो. तो काही अंशी भरून द्यायचा. शब्द तेव्हाच ठरला, डिसेबिलिटी. आणि गरोदरपण त्यातून बाहेर ठेवलं गेलं.

बायकांच्या पगारातून हप्ता मात्र कापला जात होता.

याविरुद्ध चार बायका कोर्टात गेल्या. त्यांतली एक कॅरोलिन आयेलो. तिच्या नावानं खटला ओळखला जातो: गेडुल्डिग विरुद्ध आयेलो. जॅकलिन हारामियो हिचं बाळंतपण अगदी नेहमीसारखं, सुखरूप झालं होतं. तिला विमा नाकारला गेला तो केवळ ते बाळंतपण होतं म्हणून. १७ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, सहा विरुद्ध तीन. बायका हरल्या. न्यायालयाचं म्हणणं असं, की इथं बाई आणि पुरुष असा भेद केलेलाच नाही. भेद आहे तो गरोदर व्यक्ती आणि गरोदर नसलेल्या व्यक्ती यांच्यात.

(दृश्य: घुमट पुन्हा, खालून वर. थोडा वेळ निवेदन नाही.)

विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी. त्यांनी दाखवून दिलं, की फक्त पुरुषांना होणारी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया या विम्यात बसते, आणि फक्त बायकांना होणारं गरोदरपण बसत नाही. १९७८ साली अमेरिकी काँग्रेसनं गरोदरपणावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, तो अशा निकालांना उत्तर म्हणूनच. तेव्हा आजी, बाळंतपण डिसेबिलिटीत धरलं जाणं हा अपमान नव्हता. त्यासाठी बायकांना भांडावं लागलं.

आणखी एक नाव इथं घ्यायलाच हवं. लिलियन गारलंड, लॉस अँजेलिसमधल्या एका सेव्हिंग्ज अँड लोन संस्थेत रिसेप्शनिस्ट. १९८२ मध्ये तिला मुलगी झाली, सिझेरियननं. रजा संपवून कामावर परतली तर जागा भरलेली. गरोदरपणासाठी चार महिन्यांपर्यंत रजा आणि परत तीच नोकरी, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. मालक मंडळींनी त्या कायद्यालाच आव्हान दिलं. १३ जानेवारी १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला, पुन्हा सहा विरुद्ध तीन, यावेळी आईच्या बाजूनं. मुख्य निकालपत्र थर्गुड मार्शल यांचं. दरम्यान गारलंडचं राहतं घर गेलं होतं आणि मुलीचा ताबाही.

(दृश्य: फ्रीमाँट. आजी पाळण्याला मऊ धोतराचं कापड बांधताहेत.)

आमच्याकडची आठवणही इथंच सांगते. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. भारतभर १९६१ चा कायदा आला. आजी पुण्यात नोकरी करत होत्या तेव्हा त्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे आहेत. अमेरिकेत देशभरासाठी असा पगारी रजेचा कायदा आजही नाही. आहे तो १९९३ चा, बारा आठवडे बिनपगारी रजेचा. बाकीचं ज्या त्या राज्याच्या मर्जीवर.

(दृश्य: बारसं. आठ-दहा माणसं, पाळणा, घुगऱ्या. आवाज मूळचा, निवेदन नाही.)

(दृश्य: रात्र. फ्रिजच्या दारावर पिवळी चिठ्ठी. त्यावर इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा एक लांब आकडा.)

ही चिठ्ठी नीट बघा. अर्ज ऑनलाइन भरला की हा पावती क्रमांक मिळतो. अर्जाचे दोन भाग असतात. पहिला आपला, दुसरा डॉक्टरांचा. डॉक्टरांनी आपला भाग भरायचा तर त्यांना हा क्रमांक हवा. तो आपणच द्यायचा. हा विमा चालवणारं राज्य सरकारचं खातं, म्हणजे ईडीडी, डॉक्टरांच्या मागे लागत नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी माझा भाग भरला आणि निर्धास्त झाले. डॉक्टरांच्या दवाखान्यातून सांगितलं होतं, "हो हो, पाठवलंय." पैसे येईनात म्हणून फोन करत बसले. कडेवर बाळ, कानाला फोन, तासन् तास तेच संगीत. शेवटी कळलं, त्यांचा भाग गेलेलाच नव्हता. क्रमांकच कुणी उतरवून घेतला नव्हता. काम थांबल्यापासून ४९ दिवसांची मुदत असते. माझा अर्ज पुरा झाला सत्तेचाळिसाव्या दिवशी. म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावायला मीच सांगितलं. काम थांबल्यावर नऊ दिवस थांबायचं, त्याआधी अर्ज करायचा नाही. मग मात्र लगेच भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून विचारायचं: क्रमांक मिळाला का? भाग दोन गेला का? तारीख काय टाकली?

(दृश्य: वहीचं पान. बाळाच्या आईनं पेन्सिलीनं आखलेल्या आठवड्यांच्या चौकटी.)

तिनं सगळं वहीत मांडलं आहे. तब्येत सर्वसाधारण असेल तर ड्यू डेटच्या आधी चार आठवड्यांपर्यंत आणि नॉर्मल डिलिव्हरीनंतर सहा आठवडे डिसेबिलिटीचे पैसे मिळतात. सिझेरियन झालं तर नंतरचे आठ. पहिला आठवडा बिनपैशाचा. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आजींनी बोटांवर मोजून सांगितलं, "म्हणजे आपला सव्वा महिनाच की, वर चार दिवस."

सहा आठवड्यांत आई उभी राहिली नाही, रक्तदाब उतरला नाही, मन थाऱ्यावर नाही, तर डॉक्टर ही मुदत वाढवू शकतात. हे सांगायला लाजू नका. हे पैसे आजारपणाचे आहेत, बाळासोबत राहण्याचे पुढे वेगळे मिळतात.

त्या वेगळ्या पैशांना पेड फॅमिली लीव्ह म्हणतात. हा कायदा २००२ साली ग्रे डेव्हिस गव्हर्नर असताना झाला. देशात असा पहिला. पैसे १ जुलै २००४ पासून मिळू लागले. तेव्हा सहा आठवडे होते, जुलै २०२० पासून आठ. डिसेबिलिटीचे शेवटचे पैसे निघाले की आईच्या ऑनलाइन खात्यात पुढचा छोटा फॉर्म आपोआप येऊन पडतो. तो ईमेलची वाट बघत बसून सापडत नाही, खात्यात शिरून बघावं लागतं. रजा सुरू झाल्यापासून ४१ दिवसांत तो भरायचा. पुन्हा बिनपैशाचा आठवडा नाही.

(दृश्य: वहीवर आकडेमोड, पेन्सिल थांबते.)

किती मिळतात? २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के, पगार कमी असेल तर टक्केवारी जास्त. २०२५ साली आठवड्याला जास्तीत जास्त १,६८१ डॉलर मिळत होते. हिचा हिशेब आठवड्याला १,२९० च्या आसपास येतो. हिशेब आजच्या पगारावर होत नाही, साधारण पाच ते अठरा महिन्यांमागच्या वर्षभरातली सर्वांत जास्त कमाईची तिमाही धरतात. त्यामुळे नुकत्याच टेक्सासहून आलेल्या किंवा एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर, नुकती नोकरी धरलेल्या मुलीनं तारखा आधी तपासाव्यात. केंद्र सरकारच्या नोकरांच्या आणि बऱ्याच सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या स्टबवर ही ओळ नसते.

या वहीत ड्यू डेटच्या आधीच्या चार चौकटी रिकाम्या आहेत. कुणी सांगितलंच नव्हतं. ती कळा सुरू होईपर्यंत कामावर होती.

(दृश्य: फ्रीमाँटमधल्या लेक एलिझाबेथचा काठ. आई, आजी, बाबागाडी. वारा.)

एक गोष्ट चालता चालता, कारण ती वेगळी आहे आणि तिची गल्लत होते. ईडीडी पैसे देते, नोकरी राखत नाही. नोकरी राखतात दुसरे कायदे: गरोदरपणाच्या रजेचा, चार महिन्यांपर्यंत, आणि कॅलिफोर्नियाचा फॅमिली राइट्स कायदा, बारा आठवडे. दोन्हींसाठी मालकाकडे किमान पाच माणसं कामाला हवीत, आणि दुसऱ्यासाठी आपली बारा महिने नोकरी आणि १,२५० तास भरलेले हवेत. एचआरला मेल वेगळा लिहायचा, लेखी. नुसतं तोंडी सांगून सोडायचं नाही.

(दृश्य: सॅन फ्रान्सिस्को विमानतळ. आजींची बॅग. बाळ आता पाच महिन्यांचं, आजींच्या चष्म्याला हात घालतंय. निवेदन नाही.)

(दृश्य: तेच टेबल. लॅपटॉपपुढे आता बाळाचे बाबा.)

पेड फॅमिली लीव्ह बाबालाही असते. त्याचे स्वतःचे आठ आठवडे, आईच्या आठवड्यांतून वजा न होणारे, बाळ वर्षाचं होईपर्यंत कधीही, सलग किंवा तुकड्यातुकड्यांनी. त्याच्याही स्टबवर तीच ओळ आहे. आपल्याकडे आधी हिची आई येते, मग त्याची आई, सहा-सहा महिने. व्हिसाच्या तारखा जुळल्या नाहीत की मधली फट पाळणाघर भरून काढतं. यांनी ती फट बाबाच्या आठवड्यांनी भरायची ठरवली. त्याच्या टीममध्ये आजवर कुणी पुरुषानं एवढी रजा घेतलेली नाही. मॅनेजरला सांगताना त्याला दोन दिवस लागले.

बाबाला फॉर्म आपोआप येत नाही. तो त्यानं स्वतः भरायचा, डीई २५०१ एफ, आणि सोबत नात्याचा पुरावा.

(दृश्य: हात, जवळून. जन्मदाखला लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे सरळ धरलेला. शेजारी लाडवांचा डबा, त्यात तीन उरलेत.)

"फोटो हलला बघ, परत काढ."

"बाळाला घे मग जरा."

(दृश्य: फ्रिजचं दार. जुन्या चिठ्ठीखाली नवी चिठ्ठी, नवा क्रमांक. तारीख: सोमवार.)