आतडं काढायचं, पण टप्प्याटप्प्यानं

[दृश्य: ऑपरेशनच्या आदला दिवस. पोट, हातमोजे, मार्कर.]

स्टोमा म्हणजे मळ बाहेर पडावा म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड; त्यावर पिशवी चिकटवतात. त्याची जागा ठरवायला स्टोमा नर्स पेशंटला आधी झोपवते, मग बसवते, उभं करते, वाकायला सांगते. पोटाला घडी कुठे पडते, कमरपट्टा कुठे येतो, ती जागा पेशंटला स्वतःला दिसते का, हे बघून बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, एक ठिपका काढते. पुढे पिशवी गळणार की टिकणार, हे बरंचसं या ठिपक्यावर ठरतं. घाईच्या ऑपरेशनात नेमका तोच राहून जातो.

म्हणून निर्णय गळ्याशी येईपर्यंत ताणू नये. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात त्या आजारात, औषधं लागू पडेनात, स्टेरॉइड सुटेना किंवा आतड्याच्या अस्तरात कॅन्सरपूर्व बदल दिसले, की मोठं आतडं काढायचा विषय निघतो. मग एकदाच सगळं का उरकत नाहीत? स्टेरॉइडवर असलेल्या, रक्त आणि वजन घटलेल्या शरीरात आतड्याचे जोड नीट भरत नाहीत. जोड सुटला तर ओटीपोटात पू होतो.

पहिल्या टप्प्यात मोठं आतडं काढतात, गुदाशय ठेवतात आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणतात. ही इलिओस्टॉमी. काही महिन्यांनी, स्टेरॉइड बंद होऊन वजन सावरलं की दुसरा टप्पा: गुदाशय काढायचा, लहान आतड्याचा शेवटचा भाग दुमडून १५ ते २० सेंटिमीटरचा जे-पाऊच शिवायचा आणि तो गुदद्वाराशी जोडायचा. हा जोड भरेपर्यंत वरच्या बाजूला तात्पुरता स्टोमा असतो. साधारण दोन-तीन महिन्यांनी पाऊचमध्ये डाय सोडून एक्स-रे काढतात. गळती नसेल तर तिसऱ्या टप्प्यात तो तात्पुरता स्टोमा बंद करतात. प्रकृती धडधाकट असेल, तर पहिले दोन टप्पे एकत्रही होतात.

[दृश्य: स्टोमा जवळून. लालसर, ओलसर.]

स्टोमाला स्पर्श केला तरी दुखत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नाहीत. पुसताना थोडं रक्त दिसलं तर चालतं. काळपट किंवा जांभळा पडला, तर मात्र लगेच डॉक्टर. तो त्वचेच्या वर दोन-तीन सेंटिमीटर उभा हवा, कारण बाहेर पडणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात आणि ते कातडी सोलतात. बेसप्लेटचं, म्हणजे पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीचं, भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. पहिले सहा ते आठ आठवडे सूज उतरत असते, त्यामुळे जुन्या मापावर विसंबायचं नाही. प्लेटखाली आग होऊ लागली, की टेप लावून वेळ मारून नेऊ नये. प्लेट काढून बघावं. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करावी; जड पिशवी प्लेटला ओढते.

घरी आल्यावर खरी गफलत होते ती पाण्याची. मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेत होतं, आता ते काम पुरतं होत नाही. दुसऱ्या टप्प्यातला स्टोमा वरच्या भागातला, म्हणून मळ आणखी पातळ. दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर गेला, की तहान लागते, माणूस घटाघटा साधं पाणी पितो आणि मीठ उलट आणखी वाहून जातं. पायात गोळे, चक्कर, लघवी कमी. पुढचा घाव किडनीवर. अशा वेळी मिठाचं द्रावण लागतं: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, वजन करूनच. डॉक्टर लोपेरामाइड हे आतड्याची हालचाल मंदावणारं औषध देतात, तेही जेवणाआधी अर्धा तास.

मळ अचानक थांबला आणि पोटात कळा, उलट्या सुरू झाल्या, तर अन्न अडकलेलं असू शकतं. मका, मशरूम, नारळ, शेंगदाणे सुरुवातीला टाळलेलेच बरे. उलट्या होत असतील तर वाट न बघता हॉस्पिटल गाठावं.

[दृश्य: डॉक्टरांची खोली. टेबलावर आतड्याचं चित्र.]

पहिला टप्पा झाला म्हणून पुढचे करायलाच हवेत, असं नाही. पाऊच बसल्यावरही दिवसाला चार ते आठ वेळा शौचाला जावं लागतं, बऱ्याचदा रात्रीही. पाऊचला सूज येऊन अँटिबायोटिक घ्यावी लागू शकतात. ओटीपोटातल्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना दिवस राहणं कठीण जाऊ शकतं, म्हणून काही जणी आधी मूल होऊ देतात. पुरुषांत नसांना इजा झाल्यास लैंगिक कार्यावर परिणाम होतो. हा प्रश्न सहसा पेशंटलाच काढावा लागतो. स्टोमा कायम ठेवणारेही असतात. मात्र गुदाशय आत राहिला असेल तर त्याची दुर्बिणीनं तपासणी चुकवता येत नाही, कारण त्या उरलेल्या भागात कॅन्सर होऊ शकतो.