चोचीत मावेल तेवढंच रान

(दृश्य : खानापूर तालुका, जांबोटीकडे जाणारा रस्ता. कापणी झालेली भाताची खाचरं, पलीकडे काजूच्या बागा, आणि मध्येच उभा असलेला गर्द झाडीचा एक तुकडा.)

निवेदन :
या रस्त्यानं जाताना झाडीचे असे तुकडे अधूनमधून दिसतात. एक-दोन एकरांचे, कधी त्याहून लहान. देवाचं रान म्हणून कुऱ्हाड लागली नाही, एवढंच त्यांच्या टिकण्याचं कारण. चारी बाजूंना भात, काजू, निलगिरी. जरा पूर्वेला सरकलं की ऊस.

पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस अशा तुकड्याला बेट म्हणतो. झाडाला ओलांडता येणार नाही असं काहीतरी चहूकडे पसरलेलं असलं की त्याच्या लेखी बेट झालं, मग ते पाणी असो की ऊस. झाड फक्त बी असताना प्रवास करतं, आणि मोठं बी असलं तर तोही बहुधा कुणाच्या तरी पोटातून.

(दृश्य : रानाच्या कडेला दगडावर टेकलेली एक आजी, शेजारी शेणीची पाटी.)

आवाज : आजी, हे रान कुणी लावलं हो?
आजी : कोण लावतंय बा! पाखरं खात्यात, हागत्यात, उगवतंय. देवाचं हाय.

निवेदन :
आजीनं एका वाक्यात सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त त्यात एक प्रश्न राहतो. कुठलं पाखरू?

(दृश्य : नकाशा. बेळगाववरून सरकत अंदमानच्या समुद्रात, एका ठिपक्यावर स्थिर.)

निवेदन :
हे नारकोंडम. उत्तर अंदमानच्या पूर्वेला, शंभराहून अधिक किलोमीटर आत. जेमतेम सात चौरस किलोमीटरचं ज्वालामुखी बेट, मध्ये ७१० मीटर उंचीचा डोंगर. नारकोंडम धनेश नावाचा मोठ्या चोचीचा पक्षी जगात फक्त इथंच राहतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी इथं पक्ष्यांची गणती केली, आणि कुठली झाडं कुठला पक्षी खातो याची नोंद ठेवली. धनेश निघाले हजाराच्या आसपास. एका चौरस किलोमीटरला सुमारे दीडशे. मुख्य भूमीवरच्या जंगलात धनेशांची इतकी दाटी कुणी ऐकलेली नाही.

बेटावर पक्ष्यांच्या जाती मोजक्या असतात, त्यामुळे कोण काय काम करतं हे स्वच्छ दिसतं. इकडे खानापूरजवळच्या भीमगडच्या जंगलात एका उंबरावर सकाळभरात इतकी पाखरं येतात की हिशेब लागत नाही. वर रात्री वटवाघळं आणि उदमांजर येतात ते वेगळेच. नारकोंडमला फळं खाणारे मोठे पक्षी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. धनेश, मोठी राजकबुतरं, पहाडी मैना, आणि आपली नेहमीची कोकीळ. फळझाडं आणि पक्षी यांचं तिथलं जाळं कागदावर मांडलं तर मधोमध धनेश येतो. तो लहान फळंही खातो आणि मोठीही. वडा-उंबराच्या कुळातली झाडं वर्षभर आळीपाळीनं फळतात, त्यावरच एवढे हजार पक्षी पोसले जातात.

(दृश्य : भीमगडच्या जंगलात उंचावर एक महाधनेश. चोचीच्या टोकात एक फळ.)

निवेदन :
हा आपला. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये दांडेलीचं जंगल लागूनच आहे. या पट्ट्यात मलबारी राखी धनेश आहे, कवड्या धनेश आहे आणि हा महाधनेश. तो डोक्यावरून गेला तर वर न बघताही कळतं, पंखांचा आवाज लोंढ्याकडे घाट चढणाऱ्या जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा येतो.

आता त्याची चोच नीट बघा. एवढी लांब चोच, पण जीभ घशापर्यंत फळ ढकलण्याइतकी लांब नाही. म्हणून तो फळ चोचीच्या टोकात धरतो, मान झटकून हवेत उडवतो आणि ते थेट घशात झेलतो. फळ लहान असो नाहीतर मोठं, रीत हीच. मोठं बी पोटातून पुढं जात नाही. गर सुटला की थोड्या वेळानं ते तोंडावाटे जसंच्या तसं बाहेर टाकलं जातं. तोवर पक्षी कुठल्या कुठं गेलेला असतो.

वीण सुरू झाली की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून टाकते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. कित्येक आठवडे नर फळं आणून फटीतून एकेक भरवतो. घशात साठवून आणलेली फळं तो एकेक करून वर काढतो, हे पाहताना जादूगाराची आठवण येईल. पण त्या काळात नराला कुणी गोळी घातली तर ढोलीतलं सगळं घर उपाशी मरतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

(दृश्य : पश्चिम घाटातलं रानजायफळ. फळ उकललेलं, आत लालभडक पत्री.)

निवेदन :
हे रानजायफळ. बी सुपारीएवढं, कधी त्याहून मोठं. बुलबुलाच्या चोचीत हे जात नाही. तांबटाच्याही नाही. पत्री टोचून खातील, बी तिथंच खाली. त्याला दूर न्यायचं तर धनेश हवा, नाहीतर डोंगरातलं मोठं राजकबूतर. उंबराचं तसं नाही. त्याचं बी मोहरीहून बारीक, ते बुलबुलाच्या पोटातून जातं, मैनेच्या जातं, वटवाघळाच्या जातं. उंबर बेळगावच्या जुन्या वाड्याच्या भिंतीवरही उगवतो आणि घरमालकाची झोप उडवतो.

फळ खाणारं प्रत्येक पाखरू बी पेरतं असंही नाही. पोपट बी फोडून खातो. हरियल उंबरावर थव्यानं दिसतो, पण त्याच्या पोटातल्या गिरणीत बरंचसं बी दळूनच निघतं. फळांनी लगडलेल्या झाडावरची गर्दी बघून खूश होण्याआधी कोण कोण आलंय ते बघावं.

(दृश्य : प्रशांत महासागर, गुआम बेट. दाट जंगल, पण आवाज नाही.)

निवेदन :
मोठी पाखरं गेली की काय होतं, हे गुआमवर कळलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तिथं एक तपकिरी झाडसाप आला. तो झाडावर चढून अंडी, पिल्लं, पक्षी सगळंच खातो, आणि तिथल्या पक्ष्यांना सापाची सवयच नव्हती. काही दशकांत रानातल्या १२ स्थानिक पक्ष्यांपैकी १० नाहीसे झाले. जंगल मात्र हिरवं. वरून बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटणारच नाही.

हॅल्डर रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी गुआमची तुलना शेजारच्या बेटांशी केली, जिथं हा साप पोचला नाही आणि पक्षी अजून आहेत. २०१७ साली निष्कर्ष आले. त्यांनी तपासलेल्या दोन जातींच्या झाडांची नवी रोपं गुआमवर ६१ ते ९२ टक्क्यांनी घटलेली असावीत. बी पडतं ते आईच्या सावलीत. तिथं आधीच बुरशी, किडे आणि भावंडांची गर्दी.

यातली मिरचीची गोष्ट आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. गुआमच्या रानात एक बारीक, जहाल मिरची उगवते. तिथल्या लोकांच्या जेवणात तिला मान आहे. मिरचीचा तिखटपणा उंदराला झोंबतो, पक्ष्याला झोंबतच नाही. उंदीर बी चावून संपवतो, पक्षी अख्खं गिळून दुसरीकडं टाकतो. तिखटपणाचा एक उपयोगच हा. पक्षी गेले आणि रानातली ती मिरचीही कमी होत गेली.

(दृश्य : डोडोचं जुनं चित्र.)

निवेदन :
मॉरिशसच्या डोडोचा उल्लेख टाळता येत नाही. स्टॅन्ली टेंपल यांनी १९७७ साली मांडलं की तिथलं एक झाड डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजतच नाही, म्हणून डोडोमागोमाग तेही संपत आलंय. गोष्ट सुबक होती, पाठ्यपुस्तकांत गेली. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की ते बी डोडोशिवायही रुजतं आणि झाड कमी होण्याची कारणं वेगळीही आहेत. एक पक्षी, एक झाड, अशी जोडी क्वचितच असते. कुठलं बी कोण नेणार, हे ठरतं ते चोचीच्या मापावर.

(दृश्य : हवाईमधलं ओआहू बेट. फांदीवर लालबुड्या बुलबुल.)

निवेदन :
याला ओळखलंत? बेळगावच्या टिळकवाडीत पेरूच्या झाडावर बसतो तोच. माणसानं पोचवला आणि १९६० च्या दशकापासून ओआहूवर स्थिरावला. तिथले मूळचे फळखाऊ पक्षी संपलेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ओआहूवर बिया वाहण्याचं काम आता जवळपास पूर्णपणे बाहेरून आणलेले पक्षी करतात. त्यात हा बुलबुल, त्याचा चुलतभाऊ शिपाई बुलबुल, आणखी काही. ते नेतात त्यात परकी झाडंही भरपूर, आणि मोठ्या बियांची मूळ झाडं मागे राहतात, कारण पुन्हा तेच, चोचीत मावत नाही.

(दृश्य : बेळगावजवळचा एक बांध. काटेरी कुंपणावर बुलबुल. तारेखाली घाणेरीची रांग.)

निवेदन :
हा मात्र समुद्रापलीकडचा नाही, आपल्या शिवारातला बांध. घाणेरी मूळची अमेरिकेची, तिची काळी फळं बुलबुलाला आवडतात. तारेवर बसून तो जिथं घाण करतो, तिथं खाली घाणेरीचीच रांग उगवते. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. मिळेल ते खातो, मावेल ते नेतो.

(दृश्य : आंब्याची फांदी, अगदी जवळून. एक चिमुकला फुलटोच्या.)

निवेदन :
आणि हा तर अंगठ्याएवढा. आंब्यावरच्या बांडगुळाचं फळ गिळतो. बी इतकं चिकट की विष्ठेबरोबर सुटून पडत नाही. मग तो फांदीवर आडवा होऊन बूड घासतो. बी तिथंच चिकटतं आणि त्याच फांदीत मूळ रोवतं. आंबेवाल्याचं नुकसान, पण नेमकेपणात त्याला तोड नाही.

(दृश्य : पुन्हा जांबोटीजवळचा रानाचा तुकडा. आतली जमीन, पाचोळा, रोपं.)

निवेदन :
देवाच्या रानात जुनी झाडं उभी आहेत म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. मोठ्या बियांच्या झाडाचं आयुष्य माणसापेक्षा मोठं असतं. त्याचं बी नेणारं पाखरू आजोबांच्या काळात गेलं असलं, तरी नातवाला झाड दिसतच राहतं. रस्ता रुंद करताना कडेची जुनी वडा-उंबरांची झाडं जातात, तेव्हा धनेशाची एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायची वाट तुटते. बदल्यात रोपवनात निलगिरी लावली, तर झाडांचा आकडा भरतो, खायला काही नसतं. बांधावर एक उंबर ठेवणं हे त्या मानानं फार मोठं काम आहे, आणि त्याला खर्च नाही.

तुमच्या गावाजवळ असा तुकडा असेल तर उन्हाळ्याअखेर एकदा आत जाऊन जमीन बघा. मोठ्या बियांचं एखादं झाड निवडा, त्याच्या बुंध्याशी किती रोपं आहेत ते बघा, मग पन्नास-साठ पावलं दूर जाऊन पुन्हा बघा. दूरही रोपं सापडली तर कुणीतरी अजून येतंय. फक्त बुंध्याशीच असतील तर मोठ्या चोचीचं पाखरू बहुधा यायचं थांबलंय. गुरं आत चरत असतील तर हा हिशेब चुकतो, ते आधी गावात विचारून घ्या.