शंखाच्या टोकावरचा पुरावा

(दृश्य: जहाजाच्या डेकवर चाळणी)

भूमध्य समुद्राच्या तळाचा हा चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर संथ धारेने धुतात. धार जोरात सोडली की शंखांची टोकं मोडतात, आणि हवं असतं नेमकं टोकच: गोगलगाईसारखा हा प्राणी पिल्लू असताना दूरवरून वाहत आला असेल का, याचा पुरावा त्यात असतो. वेचलेले शंख लगेच अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं आणि चुन्याचं कवच झिजवतं. जिवंत प्राणी आणि रिकामे शंख इथेच वेगळे करायचे. रिकामा शंख हिमयुगातलाही असू शकतो. ही विभागणी न करता केलेली प्रजातींची यादी विश्वासाची नाही.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली टोक)

टोकाचे हे वेढे पिल्लू असतानाचे. बारीक आणि तीन-चार वेढे असतील, तर पिल्लू पाण्यात तरंगत, खातपीत दूरवर वाहत आलं. टोक बोथट, फुगीर आणि जेमतेम दीड वेढ्याचं असेल, तर ते अंड्यातल्या बलकावर वाढलं. असं पिल्लू सहसा फार लांब जात नाही.

(दृश्य: मिठाचा गाभा)

१९७० साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने इथला तळ खोदला, तेव्हा जिप्सम आणि मीठ हाती लागलं, म्हणजे खारं पाणी उडून गेल्यावर मागे उरणारे क्षार. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिककडून येणारं पाणी आटत गेलं. नद्या आणतील त्याहून जास्त पाणी उन्हाने उडत होतं. खारटपणा वाढला, काही ठिकाणी किलोमीटरभराहून जाड मीठ साचलं. पाणी किती खाली गेलं यावर आजही वाद आहे, पण खोल तळावरच्या शंख-शिंपल्यांना त्यात तगणं शक्य नव्हतं. ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिक पुन्हा आत शिरला आणि वस्ती नव्याने सुरू झाली.

(दृश्य: जिब्राल्टरचा छेद-नकाशा)

वाटेत मात्र जिब्राल्टरचा, म्हणजे अटलांटिक आणि भूमध्य जोडणाऱ्या सामुद्रधुनीचा, उंबरठा आहे, जेमतेम ३०० मीटर खोल. त्यावरून अटलांटिकचं पाणी वरच्या थरातून आत येतं, जड खारट पाणी तळालगत बाहेर जातं. वर तरंगणारी पिल्लं प्रवाहाबरोबर आत येतात. तळ धरून राहणाऱ्यांना उथळ चढ चढून उलट्या प्रवाहातून यावं लागतं. आत खोलवरही १३ अंश तापमान, तर अटलांटिकच्या खोल तळाशी दोन ते चार. म्हणून इथे खोल पाण्यातल्या प्रजाती कमी, आणि त्यांतल्या बऱ्याच अटलांटिकमध्येही आढळणाऱ्या. १९९२ मध्ये बूशे आणि ताव्हियानी या शास्त्रज्ञांनी तर मांडलं की काहींची इथे वीणच होत नसावी, बाहेरून येणाऱ्या पिल्लांवरच त्या टिकून असाव्यात.

२००५ पासून भूमध्य समुद्रात १,००० मीटरखाली तळ खरवडणाऱ्या मासेमारीला बंदी आहे. त्याहून उथळ उतारांवर ती चालू आहे.