धाकट्या ऱ्हॉन्धात घर

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक उच्चार. ऱ्हासातला ‘ऱ्ह’ घ्या आणि पुढे ‘ऑन्धा’ जोडा. ऱ्हॉन्धा. इंग्लंडमधले लोक सरळ ‘रॉन्डा’ म्हणून मोकळे होतात, आपल्याला मात्र तो ऱ्ह शाळेपासून येतो. उदाहरणादाखल ऱ्हासाऐवजी दुसरा शब्द शोधून पाहिला, बरा काही सापडला नाही.

दक्षिण वेल्समध्ये या नावाच्या दोन नद्या आहेत आणि दोन खोरी. ऱ्हॉन्धा वाऊर म्हणजे थोरली, ऱ्हॉन्धा वाख म्हणजे धाकटी. धाकटीच्या काठी फर्नडेल नावाचं गाव आहे. एकेकाळचं खाणगाव. २०२१ साली मी आणि नवऱ्यानं तिथे घर घेतलं. मी तिकडच्या एका सरकारी इस्पितळात काम करते. पण मूळची मी बल्लारपूरची, कोलमाइनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. बाबा भूमिगत खाणीत होते. म्हणून आज कोळशाच्या गावातून कोळशाच्या गावात गेल्याची गोष्ट सांगते.

घर घ्यायचं ठरलं तेव्हा आधी कार्डिफ पाहिलं. राजधानीचं शहर, भाव आमच्या आवाक्याबाहेर. तिथून तीसेक किलोमीटर वर खोऱ्यात शिरलं की दगडी भिंतींची, दोन मजली, एकाला एक चिकटलेली घरं लाख-सव्वा लाख पौंडांत मिळत होती. तिकडे मुख्य राहत्या घराला सव्वादोन लाख पौंडांपर्यंत खरेदीवरचा करही लागत नाही. नवरा म्हणाला, एवढं स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. ते किती शब्दशः खरं होतं, हे नंतर कळलं.

एजंटानं घर दाखवलं. नवं स्वयंपाकघर, नवा करडा गालिचा, पांढऱ्या भिंती. मी फोनवरून बाबांना व्हिडिओत सगळं फिरवून दाखवत होते. बाबांना ना स्वयंपाकघरात रस, ना गालिच्यात. म्हणाले, “मागचा डोंगर दाखव.” मी मागचं दार उघडून फोन वर धरला. हिरवागार उतार, वर मेंढ्या. बाबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा डोंगर देवाचा आहे की माणसाचा?”

चंद्रपूरकडच्या श्रोत्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. खाणीतून काढलेल्या मातीदगडाचे ढीग आपण पाहिलेत. त्यावर दोन पावसाळे गेले, गवत आणि बाभळी आल्या, की परक्या माणसाला तो डोंगरच वाटतो. एजंटाला विचारलं तर तो हसला. खालचा भाग देवाचा, म्हणाला, आणि वरचं टोक बहुतेक खाणीचं.

तिकडे या ढिगाला टिप म्हणतात. आमच्या गावापासून पूर्वेकडे दोन डोंगर ओलांडले की ॲबरव्हॅन लागतं. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. शाळा नुकतीच भरली होती. गावावरच्या डोंगरात सात नंबरची टिप झऱ्याच्या पाण्यावरच रचलेली होती. पावसानं ती भिजून सुटली आणि चिखलाच्या लोंढ्यासारखी थेट प्राथमिक शाळेवर आली. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. त्यानंतरची गोष्ट मला अजून पचत नाही. गावावर उरलेल्या टिपा हटवा म्हणून लोकांनी हट्ट धरला, तेव्हा त्या खर्चापोटी सरकारनं मृतांच्या नावे जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले. ते परत करायला १९९७ साल उजाडलं.

आणि हा काही जुना इतिहास नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस नावाच्या वादळात आमच्याच खोऱ्यात, खालच्या टायलर्सटाउनमध्ये, टिपेचा अख्खा पदर घसरून नदीत आला. साठेक हजार टन. सुदैवानं घरांवर आला नाही. मग सरकारनं मोजणी केली, तर वेल्समध्ये अशा बंद खाणींच्या अडीच हजारांहून जास्त टिपा निघाल्या. त्यांची प्रतवारी केली आहे आणि वरच्या प्रतीच्या, म्हणजे धोक्याच्या, टिपांची नियमित तपासणी होते. आमच्या घरावरची टिप कोणत्या प्रतीत बसते हे पाहिल्याशिवाय मी बयाणा देणार नव्हते. बाबांचीही तीच अट होती. ती खालच्या प्रतीत निघाली.

डोंगर झाला, आता जमीन. वेल्समध्ये खाणपट्ट्यातलं घर घ्यायचं तर वकील एक खास अहवाल मागवतो. घराखाली कधी, किती खोल, कोणत्या थरात कोळसा काढला. हद्दीपासून वीस मीटरच्या आत एखाद्या जुन्या खाणीचं तोंड आहे का. जमीन खचल्याची भरपाई पूर्वी कोणी मागितली होती का. त्या अहवालातून कळलं की आपल्या बैठकीच्या खोलीखाली एकाखाली एक असे अनेक थर पोखरलेले आहेत. तिकडच्या थरांची नावं मजेशीर असतात: दोन फूट नऊ, चार फूट, सहा फूट, नऊ फूट. मी घाबरले. बाबांना आकडे वाचून दाखवले तर ते निवांत. “इतक्या खोलचं केव्हाच बसलं असेल,” म्हणाले. “खोल खाणीला भिऊ नको. उथळ कामाला भी, आणि बुजवलेल्या विहिरीला भी.” विहीर म्हणजे खाणीत उतरायची उभी वाट. वकिलानं नंतर दोन पानी पत्रात नेमकं हेच लिहिलं आणि त्याचे पैसे घेतले.

घर खचलंच तर भरपाईची सोय १९९१ च्या कायद्यात आहे, कारण जमिनीखालचा कोळसा घरमालकाचा नसतो, सरकारी प्राधिकरणाचा असतो. तिकडच्या खाणी १ जानेवारी १९४७ ला सरकारजमा झाल्या. आपल्याकडे कोळशाचं राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये पुरं झालं. बाबा ते साल अजून सांगतात, कारण आजोबांना पक्की हजेरी त्या वर्षी मिळाली.

विदर्भातल्या माणसाला आणखी एक गोष्ट लगेच कळेल. या खोऱ्यातली बरीच घरं भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर उभी होती, अगदी आपल्या सरकारी नझूल जमिनीसारखी. खाणकामगारांनी मंडळं काढून, दर महिन्याला पैसे घालून स्वतःची घरं बांधली. जमीन मात्र जहागीरदाराची, पट्टा ९९ वर्षांचा. म्हणजे आजोबानं बांधलेलं घर नातवाच्या डोळ्यांदेखत जमीनमालकाकडे जायचं. यावर वेल्समध्ये फार ओरड झाली, आणि १९६७ मध्ये जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा आला. अजूनही काही घरांची जमीन पट्ट्यावर असते. तेव्हा घर बघायला गेलात तर हा प्रश्न पहिला विचारा. एजंट आपणहून सांगत नाही.

आता ते मुरलेलं पाणी. आमच्या भिंती निळसर करड्या वाळूच्या दगडाच्या, फूट-दीड फूट जाड, दारंखिडक्यांना विटांची कड. दगडांमधले सांधे काळे, कारण चुन्यात वाळूऐवजी खाणीवरच्या भट्टीची राख कालवलेली. अशी भिंत ओली होते आणि वाळते, तिला श्वास लागतो. आमच्या आधीच्या मालकानं आतून पक्का सिमेंटचा गिलावा करून वर पांढरा रंग दिला होता. पहिल्या हिवाळ्यात पोपडे सुटले. एका बिल्डरला बोलावलं, तो भिंतीत भोकं पाडून रसायन भरून गेला आणि दीड हजार पौंड घेऊन गेला. ओल जिथल्या तिथे. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्यानं येऊन भिंतीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, “काढ ते सगळं. चुन्यात कर.” सिमेंट खरवडलं, चुन्याचा गिलावा केला. भिंत दोन वर्षं घेऊन सुकली. आमच्या आजीच्या मातीच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

परसातल्या जपानी नॉटवीडचं सगळं सांगत बसत नाही. आपल्याकडे जसं गाजरगवत, तसं तिकडे हे. फरक इतकाच की ते हद्दीत दिसलं तर बँक कर्ज द्यायला कुरकुरते.

इतकी घरं स्वस्त का, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. १९१३ साली दक्षिण वेल्समधून साडेपाच कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला, सव्वादोन लाखांच्या वर माणसं त्यात होती. आज त्या भूमिगत खाणी जवळजवळ सगळ्या बंद आहेत. मुंबईचा गिरणी संप १९८२ चा. त्यानंतर दोन वर्षांनी तिकडे खाणकामगारांचा संप झाला, वर्षभर चालला. दोन्हीकडे पुढे काय झालं ते सांगायला नको. आमच्या वरचं गाव माएर्डी. मार्च १९८५ मध्ये तिथले लोक वाजतगाजत, बँड पुढे घालून कामावर परतले, आणि डिसेंबर १९९० मध्ये ऱ्हॉन्धातली ती शेवटची खाण बंद झाली. गावाच्या वेशीवर खाणीचं चाक अर्धं करून बसवलंय. आमच्या खोऱ्यातली प्रवासी रेल्वे तर १९६४ मध्येच गेली. बस आहे, पण रात्रपाळीच्या वेळेला नसते, म्हणून गाडी घ्यावी लागली. घराच्या हिशेबात हा खर्च धरायचा राहून गेला होता.

पण गाव रिकामं नाही. आमच्या ओळीत वीस घरं आहेत आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. पहिल्या आठवड्यात समोरच्या आजी ताटलीभर केक घेऊन आल्या, मला ‘लव्ह’ म्हणाल्या आणि इस्पितळात काम करते कळल्यावर म्हणाल्या, “आमचा डॉक्टरही तुमच्याच देशाचा होता. माझी तिन्ही मुलं त्यानं पाहिली.” हे नुसतं गोड बोलणं नव्हे. या खोऱ्यांमधले दवाखाने चालवायला ब्रिटिश डॉक्टर फारसे येत नसत, तेव्हा साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय डॉक्टरांनी ते चालवले आणि बरेच जण तिथेच म्हातारे झाले. ज्या आरोग्यसेवेत मी पगार घेते, तिचं मूळही याच डोंगरांत आहे. ट्रेडेगरच्या कामगारांनी पगारातून पैसे कापून आपली वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. त्याच गावचा खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ मध्ये त्यानं ती सोय देशभर नेली.

गेल्या वर्षी बाबा आले. शेजारचा तो चुनावाला म्हातारा खाणीतलाच. बाबांचं इंग्रजी खाणीपुरतं: केज, लॅम्प, शिफ्ट, रूफ. तेवढं पुरलं. म्हाताऱ्यानं बाही वर करून कोपराजवळचा निळा व्रण दाखवला. जखमेत कोळशाची भुकटी राहून वर कातडी आली की असा निळा डाग कायमचा राहतो. बाबांनी टोपी काढली आणि कपाळावरचा आपला दाखवला. मग दोघं मागच्या गल्लीतून वर चालायला लागले. मी चहा टाकून वाट बघत बसले. तासाभरानं दोघं बूट चिखलानं भरवून आले. बाबांनी येताच सांगितलं, “डोंगर ठीक आहे. पण पाण्याची वाट बघितलीस का?”

मी बघितली नव्हती. डोंगरातून येणारा ओहोळ आमच्या ओळीच्या डोक्यावर एका लोखंडी जाळीतून बंदिस्त नाल्यात शिरतो आणि घरांच्या खालून नदीला जातो. जाळी पाल्यानं तुंबली की पाणी रस्त्यानं येतं आणि उताराला पहिलं घर आमचं. ती साफ करायला ओळीतल्या लोकांनी आपसांत वार वाटून घेतलेत. आम्ही नवे, परके, शिवाय इस्पितळाच्या पाळ्यांचे, म्हणून चार वर्षं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी त्या म्हाताऱ्याला परस्पर सांगून टाकलं. आता फावडं आणि रबरी बूट दाराशीच असतात. ऑक्टोबर ते मार्च, दर गुरुवारी जाळी आमची.